शेजारच्या आजींची चांदीची किटली: ठसे एक सांगतात, घरातली गोष्ट दुसरंच

केतकीचं_बन (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं फक्त वाचत आले, धागा आज पहिल्यांदा काढतेय. विषय जरा वेगळा आहे, पण इथे चांदीकाम जाणणारे आणि जुने कागद वाचणारे दोन्ही आहेत, म्हणून धीर केला.

मी इंग्लंडात डर्बीशायरमध्ये, चेस्टरफील्डला राहते. नर्स आहे. आमच्या शेजारी ब्याण्णव वर्षांच्या एक आजी राहायच्या. गेली अकरा वर्षं रोज संध्याकाळी ड्यूटीवरून आले की त्यांच्याकडे अर्धा तास बसायचं, हा आमचा नेम. माझी मुलगी त्यांच्याकडेच विणकाम शिकली. आता त्या केअर होममध्ये आहेत. घर रिकामं करताना त्यांनी मला एक खोकं दिलं. टॉवेलांत गुंडाळलेली तीन भांडी: चहाची किटली, दुधाचा जग आणि साखरदाणी. त्यांना मूलबाळ नाही. "तुझ्या लेकीला दे, पण तिला गोष्टही सांग," म्हणाल्या.

गोष्ट अशी. आजींच्या आजीची आजी लग्न होऊन सासरी आली ते वॉटर्लूच्या लढाईचं वर्ष, १८१५. तिच्या सासऱ्यांनी नव्या सुनेला हा तीन भांड्यांचा संच दिला आणि तो हेस्टर बेटमन नावाच्या प्रसिद्ध बाईच्या हातचा आहे. संच नेहमी बायकांकडून बायकांकडे आला.

मुलीला सांगण्याआधी मला हे लिहून ठेवायचं होतं, म्हणून भिंग घेऊन बसले आणि गोंधळले.

किटली लंबगोल आहे, बाजू सरळ उभ्या, तोटीही सरळ. तळ अगदी सपाट. वर-खाली नाजूक चकाकत्या नक्षीचा पट्टा. मूठ लाकडाची, झाकणाची गाठ बहुतेक हस्तिदंताची. तळाशी पाच ठसे: चौकोनात दोन ओळी, वर 'पीबी' आणि खाली 'एबी', चालणारा सिंह, मुकुट घातलेलं बिबट्याचं तोंड, लहान लिपीतला 'एस', आणि एका माणसाचं डोकं. शिवाय टोकदार वस्तूने ओरखडल्यासारखे आकडे, १३=४.

जगावर सिंह, तोच मुकुटवाला बिबट्या, तेच डोकं आणि मोठ्या लिपीतला 'यू'. कारागिराचा ठसा इतका झिजलाय की फक्त खळगा उरलाय. पोटावर तीन अक्षरं कोरलेली: वर 'एच', खाली 'आय' आणि 'एस'.

साखरदाणीवर चार छोट्या ढालींत 'ई', 'पी', 'एन', 'एस'.

अक्षरं तिन्हींवर वेगळी. मग हा संच एका वेळचा कसा? आणि नसेल, तर आजींना सांगू का?

---

हुपरीकर

ताई, आधी साखरदाणीचं बोलतो, कारण तिचं उत्तर सोपं आहे आणि जरा वाईट वाटणारं आहे. ती चांदीची नाही. ती चार अक्षरं म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. निकेल सिल्व्हर म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर: तांबं, निकेल आणि जस्त. नावात चांदी आहे, धातूत नाही. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी विजेच्या मुलाम्याचं पेटंट १८४० मध्ये घेतलं आणि त्यानंतर असा माल घरोघरी गेला. तेव्हा १८१५ च्या लग्नात ही साखरदाणी असणं शक्यच नाही. अक्षरं मुद्दाम ढालींत बसवायचे, लांबून खऱ्या ठशांसारखी दिसावीत म्हणून. कडेला, पायाला बोट फिरवून बघा. मुलामा घासला असेल तिथे पिवळट राखाडी झाक दिसेल.

किटली आणि जगावर सिंह आहे ना, मग ते शुद्ध स्टर्लिंग. हजारात ९२५ भाग चांदी. आमच्या भाषेत साडेब्याण्णव टंच. कसोटीवर घासू नका, कुणा सोनारालाही घासू देऊ नका. सिंह आहे तर टंच विचारायची गरजच नाही.

१३=४ हे वजन आहे. ट्रॉय औंस आणि पेनीवेट. तेरा औंस चार पेनीवेट. वीस पेनीवेटांचा एक औंस, औंस ३१.१ ग्रॅमचा, म्हणजे साधारण ४१० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर किटली ठेवा आणि इथे आकडा लिहा. आमच्या घरात चार पिढ्या पैंजणांचं काम आहे. आजोबा म्हणायचे, भांड्याला काही विचारायचं तर आधी काट्यावर विचार.

---

जुनीपेठ

वा, काय धागा काढलात! मी लंडनला असतो, सुट्टीच्या दिवशी संग्रहालयांत चांदीच्या कपाटांसमोर उभं राहणं हा माझा छंद. जरा सविस्तर लिहितो.

चालता सिंह हा स्टर्लिंगचा ठसा, १५४४ पासूनचा. बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन. बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, आणि तुमच्या शेजारच्या शेफील्डचा त्या काळी मुकुट. त्या दोन गावांना स्वतःची तपासणी कचेरी १७७३ मध्ये मिळाली. लंडनच्या बिबट्याच्या डोक्यावर मुकुट १८२१ पर्यंत होता, मग काढला. म्हणजे तुमची किटली आणि जग दोन्ही त्याआधीचे, हे एका नजरेत कळतं.

डोकं आहे राजाचं, तिसऱ्या जॉर्जचं. ती कराची पावती. १७८४ मध्ये पंतप्रधान धाकट्या पिटच्या सरकारने चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला. चोरटा चहा इतका येत होता की जड कर ठेवून तिजोरीत काहीच पडत नव्हतं. त्याच वर्षी १ डिसेंबरपासून चांदीच्या भांड्यांवर औंसाला सहा पेन्स कर लागला आणि तो भरल्याची खूण म्हणून राजाचं डोकं उमटवू लागले. चहा स्वस्त झाला, किटल्यांची मागणी वाढली आणि त्या किटल्यांवर सरकारने हात ठेवला. ही पद्धत १८९० पर्यंत चालली.

आता अक्षरं. लंडनला वर्षाचं अक्षर मे महिन्याच्या अखेरीस बदलायचं. वीस अक्षरांचं चक्र, त्यात 'जे' नाही, आणि 'यू'च्या पुढची अक्षरंच नाहीत. चक्र संपलं की लिपी बदलून पुन्हा पहिल्यापासून. लहान लिपीतला 'एस' आणि पाचही ठसे, म्हणजे १७९३-९४. मोठ्या लिपीतला 'यू' म्हणजे १८१५-१६. दोन भांड्यांत बावीस वर्षांचं अंतर.

'यू' कडे नीट बघा. तो ठसा १८१५ च्या मे अखेरीआधी उमटूच शकत नाही. वॉटर्लू झालं १८ जूनला. आजींच्या गोष्टीतलं साल जगाच्या बुडाशी कोरलेलं आहे!

हेस्टर बेटमनचं म्हणाल तर, ती खरोखर मोठी बाई. नवरा गेल्यावर १७६१ मध्ये तिने स्वतःच्या नावाचा ठसा नोंदवला, लंडनच्या बनहिल रो मधल्या घरून धंदा चालवला आणि १७९० मध्ये निवृत्त झाली. तिचा ठसा वळणदार लिपीतला 'एचबी'. तुमच्या किटलीवरचा 'पीबी-एबी' तिचा मुलगा पीटर आणि तिची सून अ‍ॅन यांचा. हेस्टर थांबल्यावर पीटर आणि जोनाथन या भावांनी मिळून ठसा नोंदवला, पण जोनाथन काही महिन्यांतच गेला. मग १७९१ च्या मे महिन्यात त्याच्या विधवेने, अ‍ॅनने, दिरासोबत नवा ठसा नोंदवला. तोच हा. तुमची किटली घडत होती तेव्हा हेस्टर हयात होती, १७९४ मध्ये गेली. घराणं तेच, हात पुढच्या पिढीचे. म्हणजे आजींची आठवण चुकलेली नाही, एक पायरी वर सरकलेली आहे.

सरळ बाजू, सरळ तोटी, सपाट तळ हा त्या दशकाचा खास घाट. यंत्रावर लाटलेला चांदीचा पत्रा वळवून त्याला डाक द्यायचा, म्हणजे सांधा वितळलेल्या धातूने जोडायचा. पत्रा पातळ, म्हणून किंमत आवाक्यात, म्हणून वकील-दुकानदारांच्या घरीही किटली पोचली. सपाट तळ टेबलाला चटका देतो, म्हणून खाली चार पायांचं ताटलीसारखं बसकण असायचं. तुमचं हरवलेलं दिसतंय. बहुतेकांचं हरवतं.

---

केतकीचं_बन

किती मनापासून लिहिलंत दोघांनीही. दोनदा वाचलं, मुलीलाही वाचून दाखवलं.

वजन केलं. ३९६ ग्रॅम. साखरदाणीच्या पायाला पिवळट झाक आहे, अगदी हुपरीकरांनी सांगितली तशी.

---

हुपरीकर

चौदा ग्रॅम कमी, म्हणजे जवळजवळ सव्वा तोळा. दोनशे तीस वर्षांच्या घासण्यात थोडी चांदी जाते हे खरं, पण पातळ पत्र्याला सव्वा तोळा जास्त आहे. मूठ मागाहून बदलली असेल तर लाकडाच्या वजनाचा फरक त्यात धरा. तरी मला एक शंका आहे. किटलीच्या पोटावर, जगावर अक्षरं आहेत त्याच जागी, अंगठा आणि तर्जनी आतून-बाहेरून लावून पत्रा चाचपा. कुठे मऊ, पातळ लागतो का? आणि त्यावर तोंडाची वाफ सोडून बघा, जशी आरशावर सोडतो तशी. उजेड तिरका ठेवा.

---

केतकीचं_बन

आत्ता करून आले, हात अजून थरथरतोय.

रात्रपाळीहून येऊन अंघोळ न करताच खिडकीशी उभी राहिले. किटलीच्या एका बाजूला नक्षीच्या दोन माळांमध्ये लंबगोल मोकळी जागा आहे. आजवर मला ती कोरीच वाटत होती. अंगठा लावला तर तिथला पत्रा बाकीच्यापेक्षा दबतो. झाकण उघडून जवळ धरली आणि वाफ सोडली. धुकं आधी सगळीकडे सारखं बसलं, मग कडेने ओसरायला लागलं आणि त्या मोकळ्या जागेत काहीतरी उरलं. एक उभी मान, बहुधा पक्ष्याची, आणि तिच्याखाली वळलेल्या दोरीसारखी आडवी रेघ. तीन-चार सेकंद. मग गेलं. पुन्हा वाफ सोडली, पुन्हा आलं. मुलीला झोपेतून उठवून दाखवलं.

हे काय आहे?

---

जुनीपेठ

ते पुसलेलं कुलचिन्ह आहे. वळलेल्या दोरीसारखी रेघ ही तर पक्की खूण, इंग्रज घराण्यांच्या कुलचिन्हातली शिरोभूषणं, म्हणजे शिरस्त्राणावरची चित्रं, तशाच पिळाच्या पट्टीवर उभी दाखवतात. किटली आधी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी होती. घर मोडलं, कर्ज झालं किंवा नव्या तऱ्हेची किटली घेतली की जुनी चांदी दुकानदाराला वजनावर जायची. तो आधीच्या मालकाचं चिन्ह घासून काढायचा, पत्रा पुन्हा चमकवायचा आणि विकायचा. कोरणं म्हणजे धातू काढणं, आणि कोरलेलं पुसायचं तर आजूबाजूचा धातू तेवढ्याच खोलीपर्यंत उतरवावा लागतो. तुमच्या चौदा ग्रॅमांतले काही तिथे गेले.

वाफ सोडून बघण्याची युक्ती इथले जुने व्यापारीही वापरतात, डाकाची रेघ शोधायला. १७५८ आधीही चांदीवर एक कर होता, तेव्हा काही कारागीर तो वाचवायला एखाद्या छोट्या वस्तूवर ठसे मारून घ्यायचे, तो तुकडा कापून मोठ्या भांड्याच्या बुडात बसवायचे. वाफेत त्या तुकड्याची कड दिसते. तुमच्या किटलीच्या तळाशी तसं काही दिसत नसेल तर निश्चिंत राहा. झाकणाच्या आतही सिंह आणि 'पीबी-एबी' आहे का बघा. असेल तर झाकण आणि किटली मूळचीच जोडी.

---

केतकीचं_बन

झाकणात दोन्ही आहेत. तळ स्वच्छ.

---

माडाखाली

मी सगळं वाचलं. मला एकच वाटतं. त्या माउलीला ब्याण्णवाव्या वर्षी हे कशाला सांगायचं? किटली वापरलेली घेतली होती, साखरदाणी जर्मन सिल्व्हरची, नाव बेटमनच्या सुनेचं. ती ज्या गोष्टीवर जगली ती तिच्याबरोबर राहू दे. तुमच्या मुलीला मोठी झाल्यावर खरं सांगा. माझ्या आईने शेवटपर्यंत एका शालीला पेशवाईतली मानलं. आम्ही तिला कधी अडवलं नाही.

---

पारंबी

माडाखाली, तुमच्या भावनेचा आदर आहे. पण मला वाटतं इथे उलट आहे, आणि ताईंनी सांगायलाच हवं. का ते लिहिते.

मी कुळांच्या नोंदी शोधायचं काम करते, आधी आपल्याकडच्या बखरी आणि भटांच्या वह्या, आता इंग्लंडातल्या. घरातल्या गोष्टी सहसा खोट्या नसतात. त्या एका वस्तूवरून शेजारच्या वस्तूवर सरकतात. लग्नात आला एक जग. तो ज्या फडताळात राहिला तिथे पुढे किटली आली, मग साखरदाणी. शंभर वर्षं तिघं एका कपड्यात गुंडाळले गेले आणि जगाची गोष्ट तिघांची झाली. साल बरोबर, लग्न बरोबर, बाई बरोबर. फक्त भांडं एकच.

आणि त्या तीन अक्षरांकडे बघा. वरचं आडनावाचं, खाली डावीकडे नवऱ्याचं, उजवीकडे बायकोचं. नवरा-बायकोची अक्षरं अशी त्रिकोणात कोरायची तिथे जुनी रीत. खालचं 'आय' हे 'जे' असू शकतं. कोरक्यांच्या जुन्या सवयीत दोन्ही एकच, जुनीपेठ म्हणाले तसं ठशांच्या चक्रातही 'जे' नाही. म्हणजे आडनाव 'एच'ने, नवरा 'जे'ने, बायको 'एस'ने सुरू होणारी.

आता हे कागदावर शोधता येतं. १७५४ पासून इंग्लंडात चर्चमधलं लग्न छापील नोंदवहीत लिहावं लागे, वधू-वरांच्या आणि साक्षीदारांच्या सह्यांसकट. तुमच्याकडच्या चर्चच्या जुन्या वह्या मॅटलॉकला डर्बीशायर रेकॉर्ड ऑफिसमध्ये आहेत. आजींना त्यांच्या आजीचं माहेर आणि गाव विचारा, १८४१ च्या पुढच्या जनगणनांत नावं आहेत, तिथून मागे जा. १८५८ पूर्वीची डर्बीशायरची मृत्युपत्रं लिचफील्डच्या धर्मप्रांताच्या न्यायालयात नोंदली जायची, तीही बघा.

पण मृत्युपत्रात बाईच्या नावाने चांदी सापडेल अशी फार आशा ठेवू नका. १८८२ च्या कायद्यापर्यंत लग्न झालेल्या बाईची जंगम मालमत्ता कायद्याने नवऱ्याची. सासऱ्याने सुनेच्या हातात जग दिला तरी कागदावर तो मुलाचा. आपल्याकडे निदान स्त्रीधन म्हणून एक शब्द होता. तिथल्या त्या बायकांच्या वस्तूंचा कागद म्हणजे ही कोरलेली अक्षरं आणि आईने लेकीला सांगितलेली गोष्ट, एवढंच. म्हणूनच ती गोष्ट योग्य भांड्यावर परत बसवणं हे त्या बाईच्याच बाजूचं काम आहे. आजींना ते कळेल. त्या स्वतः त्या साखळीतल्या आहेत.

---

माडाखाली

पटलं. कागद बाईच्या नावावर नव्हता हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

---

जुनीपेठ

पारंबींच्या प्रतिसादावर एक भर, कारण कोरलेल्या अक्षरांची किंमत सांगणारं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १६७० ची एक चांदीची किटली आहे, इंग्लंडातल्या ज्ञात चांदीच्या किटल्यांत सर्वांत जुनी. पण ती किटलीसारखी दिसतच नाही. उंच, वर निमुळती होत गेलेली, हुबेहूब त्या काळचं कॉफीचं भांडं. ती चहाची आहे हे कळतं ते केवळ तिच्यावर तसं कोरलं आहे म्हणून: बर्कली कॅसलच्या लॉर्ड जॉर्ज बर्कली यांनी ही चांदीची चहाची किटली ईस्ट इंडिया कंपनीच्या कमिटीला भेट दिली. तो मजकूर नसता तर आज ती कॉफीच्या कपाटात उभी असती.

आणि हीच ती कंपनी, जिला दोनच वर्षं आधी, १६६८ मध्ये, दुसऱ्या चार्ल्सने आपली मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली. मुंबई त्याला मिळाली पोर्तुगालच्या कॅथरीनशी झालेल्या लग्नाच्या करारात, आणि इंग्लंडच्या दरबारात चहाची चाल पाडली ती याच कॅथरीनने. मी त्या काचेसमोर उभा राहतो तेव्हा माझ्या गिरगावातल्या घराची आठवण येते.

---

वकीलवाडी

विषय सोडून नाही, पण व्यवहाराचं सांगतो. झाकणाची गाठ खरंच हस्तिदंती असेल तर ब्रिटनमध्ये हस्तिदंताच्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीवर २०२२ च्या जूनपासून बंदी लागू आहे. १९४७ पूर्वीची वस्तू, त्यात हस्तिदंत दहा टक्क्यांहून कमी, तर नोंदणी करून सूट मिळते. देणगी आणि वारसा यांना ही बंदी लागू नाही, म्हणजे आजींनी तुम्हाला आणि तुम्ही लेकीला देण्यात अडचण नाही.

सुट्टीला किटली रत्नागिरी-पुण्याला नेऊन सगळ्यांना दाखवू, असं मनात असेल तर थांबा. एक तर हस्तिदंत सीमेपलीकडे नेणं परवान्याशिवाय गुन्हा. दुसरं, आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर न्यायला सरकारी परवानगी लागते. फोटो न्या, किटली तिथेच ठेवा.

---

खारेवारे

सुंदर धागा. एक साधा प्रश्न. ही भांडी घासायची कशाने? आमच्याकडे देवाची चांदी आई रांगोळीने घासते, लख्ख निघते.

---

हुपरीकर

रांगोळी अजिबात नको! रांगोळी म्हणजे दगडाची पूड. दर घासणीला ती ठसा खाते. राख नको, टूथपेस्टही नको. जगावरचा कारागिराचा ठसा गेला तो अशाच घासण्याने गेला असेल. आपल्या देवाच्या वाटीवर वाचायला काही नसतं, म्हणून चालून जातं. रिठ्याचं कोमट पाणी किंवा साधा भांड्यांचा सौम्य साबण, मऊ सुती कापड, लगेच कोरडं करायचं. मूठ लाकडाची आहे म्हणून किटली पाण्यात बुडवून ठेवायची नाही. आणि अ‍ॅल्युमिनियमचा कागद-सोडा वाला उपाय इंटरनेटवर दिसेल, तोही नको. त्याने नक्षीच्या खोबणीतली काळी छटा जाते आणि नक्षी सपाट दिसू लागते. ती काळी छटा राहू द्या, तिच्यामुळेच रेघ उठते.

---

केतकीचं_बन

मंडळी, पाच आठवड्यांनी परत येतेय. उशीर झाला, पण सगळं पूर्ण करूनच लिहायचं ठरवलं होतं.

पारंबीताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. आजींनी गाव सांगितलं, मी १८७१ च्या जनगणनेत त्यांच्या आजीच्या आजीला म्हातारपणी शोधलं आणि तिथून मागे मागे गेले. गुरुवारी सुट्टी काढून मॅटलॉकला जाऊन बसले. नोव्हेंबर १८१५ चं पान. नवऱ्याचं नाव 'जे'ने, आडनाव 'एच'ने, नवरी 'एस'. नवऱ्याने सही केलीय, जरा वाकडी, पण अक्षरं सुटी सुटी. नवरीच्या जागी एक फुली आहे. तिच्या दोन्ही बाजूंना पाद्र्याने हे हिचं चिन्ह असं लिहून मध्ये तिचं नाव भरलंय.

काल आजींकडे गेले. जग सोबत नेला, किटली नाही. आधी घाबरत घाबरत साखरदाणीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, ती माझ्या आजीने एका सेलमध्ये घेतली, मला नेहमी वाटायचं ती हलकी आहे. किटलीचं सांगितलं, पुसलेल्या पक्ष्याचं, पीटर आणि अ‍ॅनचं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांना जे आठवलं ते मी त्यांच्या समोरच लिहून घेतलं. त्यांच्या आजीकडे चहा रोज तपकिरी मातीच्या किटलीतून व्हायचा. चांदीची किटली काचेआड असायची, तिला कुणी हात लावत नसे. जग मात्र दर रविवारी टेबलावर यायचा, आणि तो घासायचं काम लहानपणी त्यांचंच होतं. विटकरीच्या पुडीने. हुपरीकर, तुमचा अंदाज खरा निघाला. कारागिराचं नाव आजींच्याच अंगठ्याखाली गेलं, बहुतेक त्यांच्या आधी आणखी तीन मुलींच्या.

मग त्यांनी जग मांडीवर घेतला आणि तीन अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. मी फोनवर नोंदवहीचं पान काढून दाखवलं. चष्मा लावून त्यांनी खालच्या ओळीतली फुली शोधली. तिला लिहिता येत नव्हतं हे त्यांना माहीत नव्हतं. मग जगावरच्या 'एस'वर बोट ठेवून म्हणाल्या, म्हणजे हे अक्षर तिला वाचता आलं नसेल, पण आपलं आहे हे ठाऊक असेल.

निघताना त्यांनी सांगितलं, त्या फुलीचा फोटो मोठा करून आण, माझ्या पलंगाशेजारी लावायचाय. आज दुकानात देऊन आलेय. रविवारी न्यायचाय.